खानदेशी उन्हाळा धरून प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग : भुसावळच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२३

लग्नाच्या चित्रीकरणाचे संकलन करून देणे हा माझा व्यवसाय आहे आणि त्यासाठीचा संगणक भुसावळला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या खोलीत आहे. आमच्याकडे लग्नसराईचा जोर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे असतो. त्यामुळे पारा ज्या दिवसांत ४३-४४ अंशांवर जातो, नेमके त्याच दिवसांत या यंत्रावर कामाचा सर्वांत जास्त भार पडतो. गेल्या मे महिन्यात दोन तासांच्या चित्रफितीचे अंतिम एक्सपोर्ट सकाळी तीन तासांत होत असे आणि दुपारी त्याच कामाला चार तासांहून अधिक वेळ लागत असे. त्या वेळी मी सॉफ्टवेअरलाच दोष देत राहिलो. नवा संगणक घेण्याइतकी शिल्लक यंदा नाही, म्हणून आहे त्याच प्रोसेसरकडून ओव्हरक्लॉकिंगने, म्हणजे तो कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, त्याला इजा न होता किती जास्त काम घेता येते, हे या हिवाळ्यापासून नीट मोजून पाहायचे आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवायची, असे ठरवले आहे.

यंत्र असे आहे : २०१९ मध्ये घेतलेला इंटेल कोअर आय५-९६००के, सहा कोअर, मूळ वेग ३.७ गीगाहर्ट्झ, एकट्या कोअरवर भार असताना ४.६ आणि सहाही कोअरवर भार असताना ४.३ गीगाहर्ट्झ. नावातल्या ‘के’ या अक्षराचा अर्थ असा की याचा गुणक खुला आहे. १०० मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळाला या गुणकाने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो, आणि तो वाढवण्यासाठी लागणारा झेड३९० मदरबोर्ड माझ्याकडे आहे. वॉरंटीची तीन वर्षे संपलेली आहेत. ज्यांची शिल्लक असेल त्यांनी ओव्हरक्लॉकिंगमुळे ती जाऊ शकते हे आधी लक्षात घ्यावे.

शब्दांबद्दल एक खुलासा करून ठेवतो. खानदेशात ‘कूलर’ म्हटले की खिडकीत बसवलेला पाण्याचा कूलरच डोळ्यांसमोर येतो, आणि या नोंदींत तोही पुष्कळदा येणार आहे. म्हणून प्रोसेसरवर बसवलेल्या, तांब्याच्या नळ्या आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेल्या कूलरला मी ‘टॉवर’ म्हणेन.

आज फक्त साफसफाई केली. टॉवरचा पंखा काढला तेव्हा पात्यांच्या आणि पंख्याच्या मध्ये राखाडी रंगाचा, दाबून बसलेला एक थर दिसला. चिमट्याने एक कोपरा उचलताच तो अख्खा, घोंगडीच्या तुकड्यासारखा सुटून आला आणि त्याच्या मागच्या बाजूला अॅल्युमिनिअमच्या पात्यांच्या बारीक, समांतर रेघा जशाच्या तशा उमटलेल्या होत्या. हा नुसता धुळीचा थर नव्हता, त्यात कापसाची तुसे होती. दिवाळीपासून जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या आमच्या रस्त्याने जातात आणि ती रुई हवेत तरंगत राहते. ब्लोअरने हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवला, कारण हवेने जोरात फिरणारा पंखा स्वतःच वीज तयार करतो आणि ती मदरबोर्डात शिरू शकते. जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली आणि टॉवरचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळले, म्हणजे दाब एका बाजूला जास्त पडत नाही.

९ जानेवारी २०२३

ग्राहकांच्या सर्व चित्रफिती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून त्या संगणकापासून सोडवून ठेवल्या. अस्थिर प्रोसेसर प्रत्येक वेळी बंद पडून इशारा देतोच असे नाही. तो चुकीची माहिती गुपचूप डिस्कवर लिहूही शकतो. लोकांच्या घरचे लग्न पुन्हा चित्रित करता येत नाही, म्हणून ही पायरी मी सर्वांच्या आधी ठेवली.

त्यानंतर मूळ स्थितीचे मोजमाप घ्यायला बसलो आणि पहिल्याच तासात गेल्या उन्हाळ्याचे उत्तर मिळाले. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूलभूत मांडणीत, ‘मल्टिकोअर एन्हान्समेंट’ ही सोय पहिल्या दिवसापासून चालू होती. तिच्यामुळे सहाही कोअर ४.३ ऐवजी ४.६ गीगाहर्ट्झवर चालत होते, विजेची मर्यादा उठलेली होती आणि ‘ऑटो’वर सोडलेले व्होल्टेज भाराखाली १.३१ व्होल्टपर्यंत जात होते. म्हणजे माझा संगणक चार वर्षे मला न कळता ओव्हरक्लॉक झालेलाच होता, आणि तोही वाजवीपेक्षा बऱ्याच जास्त व्होल्टेजवर. तुसांनी भरलेला टॉवर आणि मे महिन्यातली खोली यांच्या जोडीने तो दुपारी १०० अंशांना पोहोचत असणार. या प्रोसेसरची कमाल मर्यादा तेवढीच आहे. तिथे तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. दुपारचा चौथा तास त्यातच जात होता.

ती सोय बंद करून बायोस मूळ मांडणीवर आणला. खोलीचे तापमान कॅबिनेटच्या पुढच्या जाळीशी ठेवलेल्या साध्या डिजिटल तापमापकावर २० अंश होते. प्रोसेसरवर गणिताचा पूर्ण भार टाकणाऱ्या प्राइम९५ या सॉफ्टवेअरमधील ‘स्मॉल एफएफटी’ ही सर्वांत कठोर चाचणी अर्धा तास चालवली. वेग ४.३, व्होल्टेज १.१४, वीज ९५ वॅट, तापमान ५८ अंश. हँडब्रेक या चित्रफीत-रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये माझे नेहमीचे एक्सपोर्ट लावले तेव्हा ७२ वॅट आणि ४९ अंश, पूर्ण होण्यास १९० मिनिटे.

यातला ५८ किंवा ४९ हा आकडा माझ्या उपयोगाचा नाही. माझ्या उपयोगाची आहे ती खोलीच्या वर गेलेली अंशांची वाढ. तिला मी ‘चढ’ म्हणेन. प्राइममध्ये चढ ३८, एक्सपोर्टमध्ये २९. टॉवर तोच, भार तोच आणि पंख्याचा वेग तोच असेल तर खोली जितक्या अंशांनी तापते साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो. जानेवारीत घेतलेला चढ मे महिन्याच्या खोलीत मिळवला की उन्हाळ्याचा अंदाज आजच करता येतो. आमची खोली पाण्याचा कूलर बंद असताना मे महिन्यात ४२ अंशांपर्यंत जाते, आणि वीज गेली की कूलर बंदच असतो. तेव्हा हिशेब ४२ वरच करायचा.

स्वतःवर घातलेली बंधने : ४२ अंशांच्या खोलीत एक्सपोर्टच्या वेळी प्रोसेसर ८५ च्या वर जाता कामा नये. रोजच्या कामासाठी भाराखालचे व्होल्टेज १.३० च्या आत राहील, आणि केवळ मोजणीपुरते, थोड्या मिनिटांसाठी, १.३६ पर्यंत जाईन. इंटेलच्या तांत्रिक पत्रकात या पिढीसाठी १.५२ व्होल्ट ही कमाल मर्यादा दिलेली आहे, परंतु ती सतत चालवण्याची शिफारस म्हणून वाचणे घातक आहे. प्रोसेसरमधल्या सूक्ष्म तारांतील धातूचे अणू करंटच्या रेट्याने हळूहळू सरकत असतात, आणि करंटची घनता व तापमान ही दोन्ही वाढली की हे सरकणे फार झपाट्याने वाढते. आमच्या तापमानात व्होल्टेजची मोकळीक इतरांपेक्षा कमीच असली पाहिजे, असे माझे मत आहे.

१५ जानेवारी २०२३

वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतले. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये १४ व्होल्ट दिसले. अर्थिंगचा खड्डा अंगणात आहे आणि आपली काळी माती सुकली की भेगाळते, त्यामुळे पट्टीभोवतीचा ओलावा पार गेलेला होता. मीठ आणि कोळसा नव्याने भरून पाणी सोडले. संध्याकाळी तोच आकडा २ व्होल्टवर आला. वायरमन म्हणाले, “भाऊ, होळीनंतर दर आठ दिवसांनी एक बादली टाकत जा, माती फाटली की पुन्हा तेच होईल.” हे कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.

२२ जानेवारी २०२३

रॅम ३२०० मेगाहर्ट्झची असूनही २१३३ वर चालत होती, कारण रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारी एक्सएमपी ही बायोसमधली मांडणी कधी चालूच केली नव्हती. ती चालू केली. रॅमचे व्होल्टेज १.३५ झाले, ते तिच्या वेष्टनावर छापल्याप्रमाणेच आहे. मात्र त्याबरोबर मदरबोर्डाने व्हीसीसीआयओ आणि व्हीसीसीएसए ही, प्रोसेसरच्या रॅमशी बोलणाऱ्या भागाला मिळणारी, दोन व्होल्टेजेस आपल्या मनाने १.३० च्या जवळ नेली होती. रॅमच्या या वेगाला तेवढ्याची गरज नसते. ती हाताने १.१० आणि १.१५ वर बांधली. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या रात्रभर चालल्या, त्रुटी शून्य. एक्सपोर्ट १९० वरून १८४ मिनिटांवर आले.

रॅमची परीक्षा प्रोसेसरच्या आधी स्वतंत्रपणे घेतली, कारण दोन्ही एकदम वाढवले आणि संगणक अडखळला तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

२६ जानेवारी २०२३

सुट्टीचा दिवस असल्याने सकाळपासून बसलो. व्होल्टेज ‘ऑटो’वरून काढून ठरावीक आकड्यावर आणले. लोड-लाइन कॅलिब्रेशन मधल्या पायरीवर ठेवले. भार आला की व्होल्टेज थोडे खाली बसते आणि हे कॅलिब्रेशन ते बसणे भरून काढते. ते सर्वांत वरच्या पायरीवर ठेवले तर भार अचानक सुटताना व्होल्टेजची क्षणिक उसळी येते. साध्या सॉफ्टवेअरमध्ये ती दिसत नाही, प्रोसेसरला मात्र ती सोसावी लागते. म्हणून थोडे बसणे मी मान्य केले, आणि या नोंदींतले सर्व आकडे एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भाराखाली दिसलेल्या व्होल्टेजचे आहेत, बायोसमध्ये भरलेल्या आकड्याचे नाहीत.

४.५ आणि ४.६ वर विशेष काही घडले नाही. ४.७ वर १.१६ व्होल्ट दिले तेव्हा प्राइम९५ च्या अकराव्या मिनिटाला सहांपैकी चौथ्या वर्करचे (प्रत्येक कोअरवर चाचणीचा एक वर्कर चालतो) चिन्ह हिरव्याचे लाल झाले आणि त्याच्या खिडकीत ओळ आली की राउंडिंग ०.५ आले, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होते. बाकीचे पाच वर्कर निवांत चालू होते, संगणक बंद पडला नव्हता, माऊस हलत होता, पंख्याचा आवाजही तोच होता. प्राइम९५ ला उत्तर आधीच माहीत असते म्हणून त्याने चूक पकडली. हीच चूक एक्सपोर्टमध्ये झाली असती तर कुणाच्या तरी सप्तपदीच्या एका फ्रेममध्ये ती मुकाट्याने बसली असती. त्या लाल चिन्हाकडे मी बराच वेळ पाहत राहिलो.

प्रत्येक वेळी ०.०१ व्होल्ट वाढवत गेलो. १.१७ वर चाळीस मिनिटे, १.१८ वर दोन तास टिकले. १.१९ वर संध्याकाळपर्यंत सर्व ठीक होते. त्यावर आणखी एक पायरी राखीव म्हणून १.२० केले आणि रात्री आठ तास चाचणी लावली. चाचणीच्या पहिल्या तासात मी खोलीतून उठलो नाही, आणि नवख्याने तर कधीच उठू नये.

२७ जानेवारी २०२३

आठ तास पूर्ण, त्रुटी नाही. ४.७ गीगाहर्ट्झ, १.२० व्होल्ट, ११५ वॅट. प्राइममध्ये चढ ४६, एक्सपोर्टमध्ये ३५. मे महिन्याचा हिशेब : ४२ अधिक ३५ म्हणजे ७७. बंधनाच्या आत.

एव्हीएक्स ऑफसेट शून्यच ठेवला. एव्हीएक्स सूचनांचे (एका फटक्यात अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या सूचनांचे) जड काम आले की वेग एखाद्या पायरीने उतरवण्याची ही सोय खेळ खेळणाऱ्यांना उपयोगी आहे, परंतु माझ्या एक्सपोर्टमध्ये चित्रफीत आकुंचित करणारा एक्स२६४ एन्कोडर त्याच सूचना वापरतो. माझे काम म्हणजेच ते जड काम. तिथे वेग उतरवायचा असेल तर एवढा खटाटोप कशासाठी?

५ फेब्रुवारी २०२३

भाचा दोन दिवसांसाठी आला आहे. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला पाच गीगाहर्ट्झचे मोठे आकर्षण आहे. “मामा, एवढा चांगला टॉवर आहे, पाचवर नेऊन तर बघू,” असे तो काल रात्रीपासून म्हणत होता. मोजणीपुरते करायला माझी हरकत नव्हती, कारण वरच्या टोकाला काय घडते याचा एक आकडा मलाही हवा होता.

आधी ४.८ पाहिले : १.२३ व्होल्टवर प्राइम तीन तास टिकले, चढ ४९. मग ५.० : त्यासाठी १.३६ व्होल्ट लागले, वीज १५७ वॅट झाली, आणि २० अंशांच्या खोलीत तापमान ८३ वर स्थिर राहिले. भाच्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, आणि दिसायला आकडा चांगलाच होता. ज्याने हे जानेवारी-फेब्रुवारीत केले तो हाच आकडा पाहून खूश होतो आणि मांडणी तशीच कायम ठेवतो. वीस मिनिटांनी चाचणी थांबवून त्याच्याकडूनच कागदावर बेरीज करून घेतली. चढ ६३. त्यात ४२ मिळवले की १०५, म्हणजे प्रोसेसरच्या कमाल मर्यादेच्याही वर. मे महिन्यात हा प्रोसेसर पाचवर राहणारच नाही, १०० अंशांना टेकून वेग उतरवत बसेल आणि ते व्होल्टेज मात्र सोसत राहील.

मग त्याला दुसरा हिशेब करून दाखवला. प्रोसेसरची वीज ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४.३ चे ५.० म्हणजे वेग सुमारे १६ टक्क्यांनी वाढला, १.१४ चे १.३६ म्हणजे व्होल्टेजचा वर्ग सुमारे ४२ टक्क्यांनी वाढला. दोन्हींचा गुणाकार केला तर वीज ६५ टक्क्यांनी जास्त. ४.७ वर मात्र वेगातली वाढ ९ टक्के आणि विजेतली २१. शेवटच्या तीनशे मेगाहर्ट्झची किंमत पहिल्या चारशेपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्याने तो कागद स्वतःच्या वहीत ठेवून घेतला.

१२ फेब्रुवारी २०२३

४.८ ही हिवाळ्याची मांडणी म्हणून आठवडाभर वापरली आणि आज एक गंभीर गोष्ट हाती लागली. प्राइम टिकते, सिनेबेंच आर२३ ही चाचणीही टिकते, एक्सपोर्टही पूर्ण होते. तरी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाने १९ क्रमांकाच्या तीन नोंदी सापडल्या. हार्डवेअरमध्ये त्रुटी आली आणि ती जागच्या जागी सुधारली गेली, असा त्यांचा अर्थ. तिन्ही नोंदींची वेळ पाहिली तर एकही पूर्ण भाराच्या काळातली नव्हती; मी टाइमलाइनवर क्लिप सरकवत असताना, भार क्षणोक्षणी कमी-जास्त होत असताना त्या आल्या होत्या. सपाट, अखंड भाराच्या चाचण्यांवर विसंबलो असतो तर हे कधीच कळले नसते.

व्होल्टेज १.२३ वरून १.२६ केले. यापुढे दर रविवारी इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहायचा. सुधारलेली का होईना, एक जरी नोंद दिसली तरी ती मांडणी नापास.

१९ फेब्रुवारी २०२३

एकही नोंद नाही.

३ मार्च २०२३

दुपारी एक्सपोर्ट चालू असताना संगणक एकदम पुन्हा सुरू झाला. पहिला संशय अर्थातच माझ्या मांडणीवर गेला आणि मी ४.६ वर उतरायलाही निघालो होतो, परंतु आधी नोंदी पाहिल्या. कर्नेल-पॉवर ४१ एवढीच नोंद होती, बगचेक कोड (विंडोज कोसळण्याच्या कारणाचा क्रमांक) शून्य होता, निळा पडदा आलेला नव्हता आणि डब्ल्यूएचईएची एकही ओळ नव्हती. ओव्हरक्लॉक कोलमडला तर बहुधा निळा पडदा येतो किंवा डब्ल्यूएचईएचा ठसा तरी राहतो. येथे मात्र पायाखालून वीजच काढून घेतल्यासारखे दिसत होते. घरात विचारले तेव्हा कळले की त्याच वेळी क्षणभर दिवे गेले होते.

आमच्या घराचा इन्व्हर्टर वीज गेल्यावर थोड्या सावकाश चालू होतो, म्हणून मधल्या क्षणांसाठी संगणकाला ६०० व्हीएचा यूपीएस जोडलेला आहे. बायोस पूर्णपणे मूळ मांडणीवर आणला, एक्सपोर्ट लावले आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढली. संगणक तसाच बंद पडला. बॅटरीवर मल्टिमीटर लावला : भार नसताना १२.६ व्होल्ट, भार येताच दोन-तीन सेकंदांत १० च्या खाली. बॅटरी बाहेर काढली तर तिच्या दोन्ही बाजू फुगलेल्या होत्या. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. स्लॅबखालच्या खोलीत दोन उन्हाळे काढलेल्या बॅटरीकडून याहून जास्त अपेक्षा करता येत नाही. नवी बॅटरी बसवली, यूपीएस टेबलाखाली जमिनीलगत हलवला आणि तीच चाचणी पाच वेळा केली. पाचही वेळा संगणक चालू राहिला. मग ४.८ ची मांडणी परत आणली.

प्रोसेसरवर आळ घेऊन वेग उतरवला असता तर दोष तसाच राहिला असता, हे येथे मुद्दाम लिहून ठेवतो.

२६ मार्च २०२३

खोली ३४. उन्हाळ्याची मांडणी लागू केली : ४.७, १.२० व्होल्ट. दोन्ही मांडण्या बायोसमध्ये वेगवेगळ्या नावांनी साठवल्या आहेत.

प्रोसेसरचे तापमान हिशेबाप्रमाणे आले, परंतु व्हीआरएमचे, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचे तापमान ९६ निघाले. तिथली मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे घटक, बहुधा १२५ पर्यंतची असतात, तरी शेजारच्या कपॅसिटरचे आयुष्य उष्णतेने घटते आणि मे महिन्यात आणखी आठ अंश वाढणार हे दिसतेच आहे. टॉवरचा पंखा मदरबोर्डाला समांतर हवा फेकतो, त्यामुळे या भागाला वारा लागतच नाही. जुन्या कॅबिनेटमधला ८० मिलिमीटरचा पंखा प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून त्याच्या रोखाने बसवला. ९६ चे ७८ झाले. अडीच महिन्यांतला हा सर्वांत स्वस्त फायदा.

कॅबिनेटच्या पुढे जुन्या मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा लावला आहे. त्याने चढ २ अंशांनी वाढला, तो मी पत्करला. तुसे आत जाण्यापेक्षा जाळीवर दिसलेली बरी, झटकून टाकता येतात.

२३ एप्रिल २०२३

काल आखाजी झाली. पंधरवड्यात सात एक्सपोर्ट केली आणि सर्व १६८ ते १७१ मिनिटांत झाली. इव्हेंट व्ह्यूअर स्वच्छ आहे.

खिडकीतला पाण्याचा कूलर चालू केला. कोरड्या हवेत तो खोली ३२-३३ वर आणतो, परंतु संगणकाच्या समोर त्याचा झोत येऊ देणे योग्य नाही. गवताच्या जाळ्यांमधून कधीकधी बारीक थेंब उडतात आणि आमचे बोअरचे पाणी इतके क्षारांचे आहे की थेंब सुकला की पांढरा डाग मागे राहतो. टेबल झोताच्या आडव्या भिंतीला नेले आणि समोरची खिडकी उघडी ठेवली, कारण हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि गारवा येत नाही.

१२ मे २०२३

ज्या दिवसासाठी हा सर्व हिशेब मांडला तो दिवस आज उगवला. दुपारी २ वाजता वीज गेली. यूपीएस आणि इन्व्हर्टर यांनी संगणक सांभाळला, परंतु पाण्याचा कूलर इन्व्हर्टरवर नाही. एक्सपोर्ट चालू होते. ते थांबवले नाही, समोर बसून दर पाच मिनिटांनी आकडे लिहीत गेलो. खोली ३३ वरून चाळीस मिनिटांत ४१.५ झाली. जानेवारीतल्या हिशेबाने प्रोसेसर ७६.५ वर असायला हवा होता. तो ७९ वर स्थिरावला. अडीच अंशांपैकी दोन मच्छरदाणीचे आहेत, उरलेला अर्धा बहुधा प्रोसेसरच्या आतल्या गळतीच्या करंटचा, कारण सिलिकॉन तापले की ही गळती वाढते आणि त्याच कामाला थोडी जास्त वीज लागते. व्हीआरएम ८६. वेग एकदाही ४.७ च्या खाली आला नाही. एक्सपोर्ट १७० मिनिटांत पूर्ण झाले. गेल्या वर्षी याच वेळी, याच खोलीत, चार तासांच्या वर गेले होते.

आकडे लिहून झाल्यावर भाच्याला फोन करून ७९ एवढेच सांगितले. पलीकडून तो म्हणाला, “मामा, पाचवर असता तर?” मी त्याला त्याच्या वहीतला कागद काढायला सांगितले.

२० मे २०२३

खोलीचे तापमान आठवडाभर दर तीन तासांनी लिहिले. बाहेर गारवा सुटतो म्हणून मी आजवर मोठी एक्सपोर्ट रात्री दहाला लावत असे, परंतु दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता सोडत राहतो. रात्री दहाला गच्चीवर ३५ अंश असताना खोलीत ३९ होते. खोली सर्वांत गार असते ती पहाटे पाचला, ३१. आजपासून एक्सपोर्टची रांग पहाटे ४ वाजता आपोआप सुरू होईल असे लावले. गच्चीला चुना मारण्याचे कामही घेतले आहे, त्याचा आकडा पुढच्या उन्हाळ्यात मिळेल.

२५ जून २०२३

खोली ३१. मच्छरदाणी धुऊन वाळवून परत लावली. टॉवर उघडून पाहिला, पात्यांमध्ये थर नाही. पाण्याचा कूलर रिकामा करून झाकून ठेवला.

कॅबिनेटच्या झाकणाला आतून कागद चिकटवला आहे : उन्हाळा ४.७ व १.२०, हिवाळा ४.८ व १.२६, एक्सपोर्टमधला चढ जाळीसह ३७, पेस्ट ८ जानेवारी २०२३, यूपीएसची बॅटरी ३ मार्च २०२३. हिवाळ्याची मांडणी खोली २८ च्या खाली आल्यावर लावायची आणि कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की जाळी दर आठ दिवसांनी झटकायची.